अकरावं नाव

मोबाइल ट्रेमध्ये ठेवा म्हटल्यावर धाकटीनं ठेवला, तिच्या सुनेनंही बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ठेवला. दादानं मात्र "मी बाईंचा सख्खा भाऊ आहे" हे पहारेकऱ्याला दोनदा ऐकवलं. पहारेकरी नम्रपणे म्हणाला, "म्हणूनच, साहेब." मग दादानं खिशातून एक नाही, दोन मोबाइल काढले.

गेले एकोणचाळीस दिवस देशाच्या पंतप्रधानांची, म्हणजे धाकटीच्या ताईची, माहेरची माणसं या बंगल्यात मागच्या फाटकानं येत होती. धुण्याची गाडी यायची तेच फाटक. कुणी पाहू नये, कुणी विचारू नये. परदेशात धरणाच्या कामावर गेलेली अकरा माणसं डोंगरातल्या बंदूकवाल्यांनी उचलून नेली, हे अख्ख्या देशाला ठाऊक होतं. त्या अकरांतला एक, जमिनीच्या मोजणीचं काम करणारा एकतीस वर्षांचा तरुण, धाकटीचा मुलगा आणि ताईचा भाचा आहे हे मात्र घरच्या माणसांपलीकडे दोघातिघांनाच माहीत होतं. त्याचं आडनाव वडिलांचं, ताईचं आडनाव सासरचं. त्या एवढ्याशा फरकावर पोराचा जीव तगून होता. हे डोंगरातल्यांना कळलं तर त्याची किंमत वाढेल आणि बाकीच्या दहांची उतरेल, असं ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून धाकटीनं तोंडाला कुलूप घातलं होतं. रोज इस्पितळात जायची, एक्स-रेच्या खोलीत "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" म्हणायची आणि चहाच्या वेळी सगळ्यांचं ऐकून घ्यायची. परवाच फार्मसीतला म्हणाला होता, "बाईंच्या घरचं कुणी असतं ना तिथं, तर चार दिवसांत विमान उतरलं असतं." सगळे हसले होते. कपात साखर नव्हती तरी धाकटी चमचा ढवळत राहिली होती.

आतल्या बैठकीच्या खोलीत आई खिडकीपाशी बसलेली होती. ती ताईकडेच राहायची. चौऱ्याऐंशीची झाली तरी कुणी आलं की आधी पायांकडे बघायची, चपला नीट काढल्यात की भिरकावल्यात.

"बस," ती सुनेला म्हणाली. "पिल्लू दे इकडे. किती वजन भरलं?"

"सात किलो, आजी."

"बापासारखीच. तोही सातव्या महिन्यात सात होता."

दादानंच तोंड उघडलं. तो वकील. शांतता त्याला सोसत नसे.

"मला बाहेरून कळलंय. तीन सोडणारेत. अकरांतले तीन, आणि नावं आपल्याकडून मागितलीत. आता सरळ हिशेब आहे. खारू त्या तिघांत असलाच पाहिजे. नसेल तर आपण इथं जमलोय कशाला, चहा प्यायला?"

खारू म्हणजे तो मोजणीवाला. लहानपणी दिसेल त्यावर चढायचा म्हणून खारू.

"तू कोर्टात नाहीस," आई म्हणाली. "खाली बस."

"आई, मी धाकटीच्या बाजूनं बोलतोय."

"तिला बाजू आहे हे तुला आज आठवलं."

धाकटीला दादाचा राग येत नव्हता. उलट, कुणीतरी मोठ्यानं बोलतंय याचंच तिला बरं वाटलं. तिनं पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून मांडीवर ठेवला. डोंगरातल्यांनी मागच्या आठवड्यात चित्रफीत पाठवली होती. अकराही जण ओळीनं भिंतीशी उभे, प्रत्येकाच्या हातात तारखेची पाटी. ती चित्रफीत देशभर दाखवली होती. त्यातलं एक चित्र धाकटीनं कामाच्या जागीच छापून घेतलं होतं आणि दुपारच्या सुटीत एक्स-रे पाहायच्या उजेडाच्या पेटीवर लावून पाहिलं होतं, जसं ती हाडांचे फोटो पाहते तसं.

दार उघडलं आणि ताई आत आली. चष्मा डोक्यावर ढकललेला, पायात जोडे नाहीत. देश तिला टीव्हीवर पाहायचा तेव्हा ती उंच दिसायची. घरात आली की आईच्या खांद्याला लागायची. तिनं एकेकाकडे पाहिलं, बाळाच्या तळपायाला बोट लावलं आणि पलीकडच्या बैठ्या स्टुलावर बसली. खुर्च्या मोकळ्या होत्या तरी.

"सहा वाजता फोन येणारे," ती म्हणाली. "तीन नावं सांगायची आहेत. त्याआधी तुम्हाला बोलावलं."

"विचारायला की सांगायला?" दादा म्हणाला.

ताईनं भिंतीकडे पाहिलं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

धाकटीनं कागद उलगडून पुढे केला. "हे बघ. त्यानं पाटी उजव्या हातात धरलीय."

"बरं."

"तो डावखुरा आहे, ताई. आणि हा डावा खांदा बघ. उतरलाय, पुढे आलाय. मानही तिकडंच झुकलीय. कॉलरबोन मोडलाय त्याचा. सगळे म्हणतात दमलेला दिसतो. दमलेला माणूस असा उभा राहत नाही."

"डॉक्टरांना दाखवली होती फीत."

"डॉक्टरांनी चेहरे पाहिले असतील. मी बावीस वर्षं हाडं बघतेय."

ताईनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बराच वेळ कागद पाहिला. मग तो घडीवर घडी घालून परत दिला. हात थरथरला नाही. तो थरथरला असता तर आपल्याला बरं वाटलं असतं, असं धाकटीला वाटून गेलं.

"आजारी आणि जखमी आधी सोडतो असं ते म्हणालेत," दादा म्हणाला. "मग झालंच की. कॉलरबोन म्हणजे जखमीच. तुला नियमही मोडायला नको."

"स्वयंपाकी आहे," ताई म्हणाली. "साखरेचा आजार. इन्सुलिन संपून महिना झाला, पायाचं बोट काळं पडलंय. वेल्डर आहे, त्याला दोनदा छातीत दुखून गेलं. आणि ती बाविशीची मुलगी आहे, मातीच्या तपासणीवरची. तिथं ती एकटीच बाई आहे."

सून खाली मान घालून आईच्या मांडीवरच्या बाळाचं दुपटं सारखं करत होती. ते आधीच सारखं होतं.

"वेल्डर काय अगदी मरायलाच टेकलाय का?" दादा पुटपुटला.

"मामा," सून म्हणाली. एवढंच. दादानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्हणजे ठरवलंस तू," धाकटी म्हणाली.

"मी ठरवलं होतं. सकाळपर्यंत." ताई उठली, टेबलाच्या खणातून छोटं यंत्र काढलं. "आधी हे ऐका. बुधवारचं आहे. पहिल्यांदा त्यांचा माणूस माझ्याशी बोलायला तयार झाला. सगळ्यांची खुशाली विचारायची, एवढंच ठरलं होतं."

तिनं बटण दाबलं. खरखर, मग ताईचा आवाज. टीव्हीवरचा नाही, फोनवर गिऱ्हाइकाशी बोलतो तसा सपाट. स्वयंपाक्याचा पाय कसा आहे? वेल्डरला गोळ्या मिळतात का? मुलीला वेगळी खोली दिलीय का? क्रेनवाल्याचा चष्मा फुटला होता, त्याला दिसतं ना नीट? एकेकाचं नाव घेऊन ती विचारत होती आणि पलीकडचा माणूस कंटाळून "ठीक", "ठीक" म्हणत होता. धाकटी बोटांवर मोजू लागली. आठ. नऊ. दहावा ड्रायव्हर, त्याच्या पाठीचं विचारून झालं. आणि मग काही नाही. श्वास ऐकू येत होता. तो कुणाचा हे धाकटीला कळायला वेळ लागला नाही.

पलीकडचा माणूस म्हणाला, "आणि अकरावा?"

पुन्हा श्वास. मग ताई म्हणाली, "तोही."

तो माणूस हसला. मोठ्यानं नाही. पत्त्यांत हवं ते पान आल्यावर माणूस जसा हसतो, तसा.

ताईनं यंत्र बंद केलं.

"मी त्याला शेवटी ठेवलं," ती म्हणाली. "ठरवून नाही. सवयीनं. आणि शेवटी आल्यावर नाव तोंडातून फुटेना."

सवय म्हणजे कोणती हे त्या खोलीत कुणाला सांगावं लागलं नाही. वडील सहकारी भांडारात काट्यावर होते. दिवसभर लोकांना धान्य मोजून द्यायचं आणि घरी काही वाटायचं झालं की एकच कायदा: जो वाटील तो शेवटी घेईल. संत्रं आणलं की वाटायला थोरली. ती फोडी मोजून दादाला द्यायची, धाकटीला द्यायची, शेजारचं कुणी आलं असलं तर त्यालाही, आणि मग उरलं तर स्वतः. पुष्कळदा उरायचं नाही. ती साल दुमडून तिचा फवारा धाकटीच्या डोळ्यांत उडवायची आणि पळायची. वडील म्हणायचे, हिच्या हातात काटा द्यावा. पुढं देशानंही दिला.

"हात दाखवून अवलक्षण," आई हळूच म्हणाली.

"सकाळी निरोप आला," ताई म्हणाली. "त्यांनी शोध घेतला. आता त्यांना सगळं माहितीय. ते म्हणतात, तीन न्या, नाहीतर तुमचा एक न्या. तुमच्या तोंडानं त्याला मागा, आजच्या आज सीमेवर आणून सोडतो. मागितलात तर ते तिघं राहतील."

"मग माग की!" दादा उठून उभाच राहिला. "देव पावला. आयतं..." आणि मधेच थांबला. तो वकील होता. वाक्य पुरं होईपर्यंत त्याच्या डोक्यात पुढचे चार दिवस उलगडले असणार. तो खिडकीशी गेला, परत आला. आवाज खाली आणला. "थांबा. थांबा. ते ध्वनिमुद्रण करणार. उद्या सकाळी जगभर ऐकवणार. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं पोरं भिंतींवर लिहितील. सरकार दोन दिवस टिकणार नाही. मग बाकीच्या दहांसाठी बोलायला कोण उरलं? नाही ताई. हा सापळा आहे. तू तीनच माग."

"आत्ता तर तो तिघांत असलाच पाहिजे होता," धाकटी म्हणाली.

"तेव्हा परिस्थिती वेगळी होती."

"तुझ्या मुलाला यंदा निवडणुकीचं तिकीट हवंय," आई म्हणाली, "ही परिस्थिती."

दादाचा चेहरा पडला. "आई, हे बरोबर नाही."

"नसेल. पण खोटंही नाही."

"मग तुझं काय म्हणणंय? मागू दे तिला?"

आई बाळाच्या मुठीत आपलं बोट देऊन बसली होती. बाळानं ते घट्ट धरलं होतं. "माझं म्हणणं कुणी विचारलंय? मला विचाराल तर मी म्हणेन मोठीचं बरोबर. आणि मग धाकटीचं तोंड पाहीन आणि म्हणेन तिचं बरोबर. दोघी माझ्याच पोटच्या. मला बाहेर ठेवा."

सगळ्यांचे डोळे सुनेकडे वळले. ती लग्न होऊन आली त्याला तीनच वर्षं झाली होती आणि त्यातलं दीड वर्ष नवरा बाहेरच्या कामांवर. ती घाबरली नाही. म्हणाली, "मावशी, मला विचारलंत तर मी हो म्हणणार. दुसरं काही येणारच नाही माझ्या तोंडून. म्हणून मला विचारू नका."

ताईनं मान हलवली. मग ती स्टूल ओढत धाकटीच्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. अशी ती धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा बसली होती, आणि धाकटीचा नवरा गेला तेव्हा.

"तुला विचारते," ती म्हणाली. "तू म्हणशील ते करते."

घड्याळात पावणेसहा झाले होते. बाहेर कुठंतरी गाडीचं दार लागलं.

धाकटीनं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडाखालची हाडं तिला दिसत होती, गालाची, जबड्याची. चाळीस दिवसांत मांस कुठं गेलं कुणास ठाऊक. तिला स्वयंपाक्याचं बोट आठवलं. काळं पडलेलं बोट काय असतं हे तिला माहीत होतं. अशी बोटं तिनं एक्स-रेसाठी काचेवर ठेवून घेतली होती, बोट जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. ती बाविशीची मुलगी फितीत कशी उभी होती हेही तिनं पाहिलं होतं, दोन्ही हात पोटावर बांधून, खांदे आत ओढून. आणि मग तिला खारू आठवला. आता नाही, एकतीस वर्षांचा नाही. सात महिन्यांचा, आंघोळ घालून टॉवेलात गुंडाळलेला, आणि त्याचं ते डावं हाड, काडीएवढं, बोटाखाली लागणारं. तिनं ते रोज तेल लावताना मोजलं होतं.

"माग त्याला," ती म्हणाली.

"धाकटे," दादा म्हणाला.

"तिनं मला विचारलंय. मी सांगितलं. माग त्याला, ताई. बाकीच्यांना आया आहेत, त्यांच्या आया त्यांचं बघतील. मी ह्याची आई आहे."

ताई तिच्याकडे पाहत राहिली. काहीतरी आणखी येईल अशी ती वाट पाहत असावी. ते आलं नाही.

"बरं," ती म्हणाली आणि उठली. आतल्या खोलीच्या दारात चिटणीस येऊन उभा होता, हातात कागद. तो म्हणाला, "बाई, लाइन जोडतायत. आणि अडकलेल्यांच्या घरचे लोक पुढच्या दालनात येऊन बसलेत. दहाही घरांचे." दर रविवारी ते यायचे. ताई त्यांना स्वतः भेटायची, काही सांगण्यासारखं नसलं तरी. त्या दालनात धाकटी कधीच गेली नव्हती. जाण्याची परवानगीच नव्हती.

दार बंद झालं.

सहा वाजले, सहा वाजून पाच झाले. दार जाड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. सुनेनं बाळाला आईच्या हातातून घेतलं, उगाच पाठीवर थोपटलं. तिचे ओठ हलत होते. दादानं एकदा म्हटलं, "तुला पुढं त्रास होईल याचा, धाकटे," आणि धाकटी म्हणाली, "आता कुठं सुख चाललंय?" धाकटीच्या मनात मात्र एव्हाना इस्पितळ सुरू झालं होतं. सीमेवरून विमानानं आणलं तर उद्या दुपारी. आधी फोटो, मग पट्टा. हाड चाळीस दिवसांत वाकडं जुळलं असलं तर पुन्हा... ती स्वतःलाच आवरत होती आणि आवरत नव्हती.

दार उघडलं तेव्हा सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती.

ताई दारातच उभी राहिली. "स्वयंपाकी, वेल्डर आणि ती मुलगी," ती म्हणाली. "उद्या सकाळी."

सून खाली बसली, होती तिथंच, जमिनीवर, बाळासकट. दादानं वाकून तिला धरलं.

धाकटी उठली. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण चिटणीस एक पाऊल मागे सरला. पण तिचा आवाज कामावरच्यासारखा निघाला.

"मग मला कशाला विचारलंस?"

ताईनं दाराच्या चौकटीला हात लावला. मग म्हणाली, "मला वाटलं तू नको म्हणशील."

"का?"

"तू नेहमी नको म्हणतेस. फोड उरली नाही की तू आपली अर्धी द्यायचीस."

"ती फोड होती, ताई."

"हो."

"आणि मी नको म्हटलं असतं तर काय झालं असतं? तो काही आज आला नसताच."

"नाही. पण मला झोप लागली असती."

"मग बरं झालं मी हो म्हटलं," धाकटी म्हणाली.

आईनं डोळे मिटून घेतले. धाकटीनं पर्स उचलली, कागदाची घडी आत सरकवली, आणि मग तिला विचारल्यावाचून राहवलं नाही.

"त्यानं विचारलं का? अकराव्याचं?"

"विचारलं."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझा भाचा आहे. खांदा मोडलाय त्याचा. घरी खारू म्हणतो आम्ही त्याला." ताईनं दाराची चौकट धरली होती. "नाव नीट घेतलं या वेळी. मग त्यानं फोन ठेवला."

"काही न बोलता?"

"काही न बोलता."

याचा अर्थ काय हे चिटणीसाला माहीत नव्हतं, ताईलाही नव्हतं. धाकटीनं दोघांच्याही तोंडावर शोधून पाहिलं. मग ती वळली. दादा म्हणाला, "गाडी मागच्या फाटकाशी लावायला सांगतो." ती म्हणाली, "तुम्ही जा मागच्यानं." आता लपवायचं ते कुणापासून? ज्यांना कळू नये त्यांनाच आधी कळलं होतं. तिनं सुनेला हात देऊन उठवलं, बाळाला आपल्या कडेवर घेतलं आणि लांबलचक पॅसेजमधून पुढच्या दालनाकडे निघाली. पहारेकऱ्यानं अडवावं की नाही म्हणून ताईकडे पाहिलं. ताईनं नकारार्थी मान हलवली.

दालनात ओळींनी खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं बसली होती तशी दवाखान्यात बसतात, पिशव्या मांडीवर, नंबर यायचाय अशी. शेवटच्या ओळीत दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. त्या दोघी तिथं बसल्या. शेजारी शाळेच्या शिक्षिकेसारखी दिसणारी एक बाई होती, तिशीची, हातात पाण्याची बाटली गच्च धरलेली. तिनं बाळाकडे पाहून थोडं हसल्यासारखं केलं.

"पहिल्यांदाच आलात? तुमचं कोण?"

"मुलगा," धाकटी म्हणाली. "हिचा बाप."

"माझे बाबा. तिथं स्वयंपाक करतात."

पुढं काही बोलायच्या आत समोरचं दार उघडून चिटणीस आला. त्यानं कागद वर धरला आणि तीन नावं वाचली. पहिल्या नावालाच शेजारच्या बाईच्या हातून बाटली सुटली. ती उठली, पुन्हा बसली आणि हाताशी जे माणूस होतं त्याच्या गळ्यात पडली. तिचं सगळं अंग हलत होतं. "सुटले," ती धाकटीच्या मानेत म्हणत होती, "सुटले हो, बाबा सुटले." एका हातात बाळ, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या हातानं धाकटी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वरून खाली, वरून खाली. पुढं कुणीतरी रडत होतं, कुणीतरी चिटणीसाला पुन्हा वाचा म्हणत होतं.

बऱ्याच वेळानं त्या बाईनं मान वर केली, नाक पुसलं, आणि एकदम घाबरून विचारलं,

"तुमचं आलं का नाव?"

"नाही," धाकटी म्हणाली. "त्यांच्या पायाचं बघा. पहिल्या दिवशीच दाखवा, थांबू नका."